भाड्याचे संगणक

लांज्यातल्या एका युवक संस्थेत मी मुलींना संगणक शिकवायचे, तेही फळ्यावर. संगणकांसाठी आलेली देणगी अध्यक्षांच्या कार्यालयाच्या सजावटीत गेली होती. देणगी देणाऱ्या मुंबईच्या कंपनीचे अधिकारी पाहणीला येणार म्हटल्यावर अध्यक्षांनी भाड्याने संगणक आणले. मुली हरखल्या. फोटो निघाले, पाहुणे गेले आणि लगेच दारात टेम्पो लागला. आपलं नाव टाइप करणाऱ्या मुलीला अर्ध्यावर उठवलं.

माझं डोकं फिरलं. मी स्कूटरवरून पाहुण्यांना हातखंब्याला गाठलं. ते चहा पीत होते. मी सगळं सांगितलं.

"कल्पना आहे, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "आम्हालाही वर फोटोच दाखवायचे असतात."

तिथूनच अध्यक्षांना फोन करून मी नोकरी सोडली. आता माझ्या पडवीत एका जुन्या संगणकावर मुली पाळीपाळीने शिकतात. राग अजून उतरलेला नाही.