पुढचं पान

आईचा बागेवरचा ब्लॉग ज्या साइटवर आहे, ती साइट महिनाअखेरीस बंद होणार असं कळलं आणि मी तिचं लिखाण उतरवून घेणारा साधासा प्रोग्राम लिहायला बसले. एक पान उघडायचं, मजकूर जपून ठेवायचा, खालच्या ‘पुढे’वरून पुढच्या पानावर जायचं, एवढंच त्याचं काम. पहिल्या खेपेला मराठीच्या जागी नुसत्या चौकटी उमटल्या.

“माझा मोगरा कुठे गेला गं?” आई घाबरली.

लिपी ओळखायची सूचना द्यायला मी विसरले होते. ती दिली आणि मोगरा परत आला.

दोन पानांच्या मध्ये मी प्रोग्रामला जरा थांबायला लावलं होतं. आईला ते सोसेना. “एवढा रेंगाळतोय कशाला?”

“घाईने पानं मागितली तर त्या साइटचं मशीन दार लावून घेतं.”

“बरोबरच आहे त्याचं. शेजाऱ्यांच्या झाडाची फुलंसुद्धा आपण ओरबाडून नेत नाही.”

मग आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो. कुंडीतली मिरची, कीड लागलेली जास्वंद, बाबा गेले त्या वर्षी भरभरून फुललेली शेवंती. वाटलं, आठवणीही अशाच मागाव्या लागतात. मागे लागलं की हुलकावणी देतात, धीर धरला की एकेक करत आपणहून येतात.

शेवटी स्क्रीनवर ओळ आली : ‘पुढचं पान सापडलं नाही.’ मी पुन्हा वरपासून यादी बघू लागले. काही हरवलं की काय?

आई मात्र हसली. “सापडेल कसं? अजून लिहिलंय कुठे मी?”

आणि तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला.