गच्ची हळदीला, झळा आत्याला

एसी कुठला घ्यायचा यावरून घरोघरी वाद होतात, ते मी पाहिलेत. पण एसीपायी सख्ख्या बहिणीला भाजून काढणारी माणसं मी आमच्याच घरात पाहिली. ती बहीण म्हणजे माझी भामाआत्या. तिची गोष्ट सांगताना माझा आवाज चढणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आत्या भावंडांत सगळ्यात थोरली. तिच्या पाठचे कमळाकर काका, आणि त्यांच्या पाठचे माझे पप्पा. आजी लवकर गेली. आजोबा मिठागरावर असायचे, त्यामुळे दोघा भावांना न्हाऊमाखू घालणं, शाळेत पाठवणं आणि शाळा बुडवली म्हणून बदडणं हे सगळं आत्याने केलं. मोठी झाली तशी तीही मिठागरावर जायला लागली. मीठ वाहून तिच्या पायांना ज्या भेगा पडल्या त्या आजही आहेत. लग्न उरणकडे झालं. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली आणि आल्या दिवसापासून स्वतःचं कमावून खाऊ लागली. पनवेलच्या मार्केटमधून पहाटे फुलं आणायची, हार, वेण्या, मुंडावळ्या करायच्या आणि विकायच्या. तोंड फटकळ. फुलवाल्याने शिळी शेवंती दिली तर ती त्याच्या खानदानाचा उद्धार करून ताजी घेऊन यायची.

शिवाय आत्या धवलारीण आहे. आमच्या आगरी लोकांत लग्नाचे विधी गाण्यांनी लावणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात आणि त्या गाण्याला धवला. भटजी असो नसो, धवला झाल्याशिवाय आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका नवऱ्या मुलाच्या अंगाला हळदीचं बोट लावू देत नाहीत. आत्याचा आवाज गोड बिड अजिबात नाही. खरखरीत आहे, पण मांडवात ती गायला बसली की पोरंसोरंसुद्धा गप्प होतात.

नवी मुंबई झाली तेव्हा आमची जमीन गेली आणि बदल्यात साडेबारा टक्के जमीन परत देण्याच्या योजनेतला प्लॉट नवीन पनवेलला मिळाला. त्यावर काका आणि पप्पांनी मिळून व्यापारी इमारत बांधायला काढली. बहिणीने हक्कसोड करायची ही आमच्याकडची रीत. सगळ्या बहिणी करतात आणि भाऊ दिवाळीला साडी देतात. आत्यानेही सही केली, पण केली ती एका अटीवर. इमारतीत एक गाळा माझ्या नावावर करा, बापाच्या जागेवर मला माझ्या फुलांचं दुकान पाहिजे. काकांनी गाळा दिला. कुठला, तर सगळ्यात मागचा, शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड असलेला, जिथे चुकूनसुद्धा गिऱ्हाईक वळणार नाही असा. इमारतीला आजीचं नाव दिलं, 'चांगुणा प्लाझा', समोर हे मोठ्ठं सोनेरी अक्षरांत. आईचं नाव पुढे आणि तिची लेक मागे. मी तेव्हा पप्पांना विचारलंसुद्धा की तुम्हाला हे दिसत नाही का. पप्पा म्हणाले, दादाने ठरवलंय. आमचे पप्पा आयुष्यभर मूग गिळून बसलेत, त्यांच्यावर मी वेगळी चिडते.

आत्या मात्र खूश होती. दुकान चाललंसुद्धा, कारण गिऱ्हाईक जागा बघून येत नव्हतं, तिला शोधत यायचं.

मग एसीचा विषय निघाला. इमारतीत पॅथॉलॉजी लॅब येणार होती, कोचिंग क्लास येणार होता, वर सगळी ऑफिसं. जो तो आपापला स्प्लिट एसी लावणार आणि इमारतीच्या तोंडावर डबेच डबे लटकणार, हे काकांना नको होतं. त्यांना पूर्ण इमारतीला एकच मोठी यंत्रणा हवी होती, मॉलसारखी. मी बेलापूरच्या ऑफिसात नोकरी करते, इंग्रजी बोलते, म्हणून सल्लागार शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी निनाद नावाच्या एका एसी सल्लागाराला आणलं. शांत मुलगा. त्याने सगळी इमारत फिरून पाहिली आणि काकांना पटेल अशा भाषेत समजावलं. आतली मशीन खोली गार करते म्हणजे आतली उष्णता उचलते, आणि बाहेरची मशीन ती उष्णता बाहेर फेकते. त्या बाहेरच्या मशिनींना भरपूर मोकळी हवा लागते. तुमच्या इमारतीत अशी जागा एकच आहे, गच्ची. मशिनी गच्चीवर ठेवा, तिथून पाइप खाली सोडू, प्रत्येकाने आपापल्या मजल्यावर पाहिजे तेवढं गार करून घ्यावं.

काकांना यंत्रणा आवडली. किमतीवर ते एक शब्द बोलले नाहीत. फक्त गच्ची द्यायला नकार दिला.

कारण काय, तर हळद. त्यांच्या भावेशची, माझ्या चुलतभावाची हळद त्यांना गच्चीवर करायची होती. आमच्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, आणि अंगणं आता उरली कुणाकडे? गावात गल्ल्या अरुंद झाल्या, हॉल घेतला तर काकांच्या मते त्यात इज्जत नाही. स्वतःच्या इमारतीची गच्ची, त्यावर लाइटिंग, डीजे, खाली रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला कळलं पाहिजे की वर कमळाकरच्या पोराची हळद चाललीय. आणि भावेशनंतर माझी, मग त्याच्या भावाची, पुढे नातवंडांची. एवढ्या हळदींसाठी गच्ची कायमची रिकामी ठेवायची. व्यापारी इमारतीच्या डोक्यावर मंगल कार्यालय! त्या वेळी भावेशला अजून मुलगीसुद्धा ठरली नव्हती.

मग मशिनी कुठे? काकांनी मागे बोट दाखवलं. इमारत आणि शेजारची भिंत यांच्यामधल्या बोळात, आत्याच्या दुकानासमोर.

निनादने साफ सांगितलं की हे चालणार नाही. बोळ अरुंद आहे, वर पहिल्या मजल्याचा सज्जा आलाय. मशिनींनी फेकलेली गरम हवा वर जायला वाटच नाही. ती तिथेच कोंडेल, मशिनी तीच हवा परत ओढतील आणि उन्हाळ्यात ऐन दुपारी बंद पडतील. त्याशिवाय समोरच्या दुकानात बसणाऱ्या बाईंना तिथे बसता येणार नाही. आत्या त्या वेळी दारातच झेंडू ओवत बसली होती. काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "ती मिठागराव उनान राबलेली बाय हाय. तिला काय होतंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या उन्हात ती राबली म्हणून हे शिकले, तेच ऊन आता तिच्या विरोधात पुरावा म्हणून काढलं. मी बोलले, खूप बोलले. काकांनी मला लग्न झाल्यावर सासरी अक्कल शिकव म्हणून सांगितलं. निनादने हे काम माझ्याकडून होणार नाही म्हणून हात जोडले आणि तो गेला. काकांना हो ला हो म्हणणारा दुसरा ठेकेदार लगेच मिळाला.

हिवाळ्यात मशिनी बसल्या तेव्हा फारसं जाणवलं नाही. मार्चपासून सुरू झालं. त्या बोळात शिरलं की भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं व्हायचं. पहाटे आणलेला मोगरा दुपारच्या आत पिवळा पडायचा. गुलाबाच्या पाकळ्यांना तपकिरी कडा यायच्या. आत्या ओला कपडा फुलांवर टाकायची, एक ओला कपडा स्वतःच्या डोक्यावर, आणि बसायची. मी तिला म्हटलं, माझ्याकडे चल, घरून विक. ती म्हणाली की आज उठले तर परत बसायला मिळणार नाही. मला ते पटलं नव्हतं. एप्रिलमध्ये पटलं.

एप्रिलमध्ये निनाद म्हणाला होता तेच झालं. दुपार झाली की मशिनी आपोआप बंद पडायच्या. लॅबवाले बोंबलायचे, क्लासची मुलं वह्यांनी वारा घेत बसायची. काकांनी मशिनींवर पाण्याचे पाइप सोडले, बर्फाच्या लाद्या आणून ठेवल्या. एक ऑफिस सोडून गेलं. गच्ची वर रिकामीच होती, तिथे कबुतरं बसायची. आणि ठेकेदाराने शोध काय लावला, तर समोरच्या दुकानाचं शटर, ताडपत्री आणि फुलांच्या टोपल्या हवा अडवतात! ते दुकान निघालं, भिंत फोडून आरपार केली, तर हवा खेळेल.

काका दुसऱ्याच दिवशी आत्यासमोर येऊन उभे राहिले. गाळा खाली कर, तुला गावात दुसरी जागा बघून देतो. पप्पा मागे उभे होते, जमिनीकडे बघत. ज्या जागेसाठी तिने बापाच्या बाकी सगळ्या जमिनीवर पाणी सोडलं, ती जागा या लोकांना आता मशीनला श्वास घेता यावा म्हणून हवी होती. बहिणीचा श्वास कोंडला तर चालत होतं. आत्या एवढंच म्हणाली की भावेशची हळद होऊ दे, मग बोलू. काकांना वाटलं बाई नमली. मलाही तसंच वाटलं आणि मी त्या दिवशी तिच्यावरही भडकले.

तोवर भावेशचं लग्न ठरलं होतं. हळद मेमध्ये निघाली. गच्ची सजली, डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या, केळीचे खांब, पिवळ्या झालरी. संध्याकाळी गाववाले जमले, म्हाताऱ्या बायका पाटाभोवती बसल्या आणि धवलारीण कुठाय म्हणून विचारू लागल्या. काकांनी मला खाली पाठवलं. मी गेले तेव्हा आत्या नवी साडी नेसून, केसांत फूल माळून आपल्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. समोर मशिनी घरघरत होत्या.

"कमळाकरला सांग," ती म्हणाली, "मला जिथं बसवलंय तिथं मी गानार. हळद हितंच लागंल."

मी वर जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं, आणि मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. काका लाल झाले. म्हणाले, गाणी डीजेवर लावू. त्यावर म्हाताऱ्या बायका एकेक करून उठल्या, नऊवाऱ्या सावरल्या आणि जिना उतरू लागल्या. सख्खी आत्या धवलारीण असताना यंत्राच्या गाण्यावर हळद लागलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती आणि पाहणारही नव्हत्या. शेवटी पाट उचलून खाली आणावा लागला. भावेश आला, काका-काकू आले, सगळा गोतावळा त्या बोळात दाटीवाटीने बसला. लॅब चालू होती, क्लास चालू होता, मशिनी पूर्ण जोरात. कुणीतरी त्या बंद करायला धावलं. आत्याने हात वर केला. रोज चालतात तशा चालू दे म्हणाली.

आणि तिने धवला सुरू केला. सगळा गायला, एकही कडवं न गाळता, सावकाश. धवला चालू असताना पाटाजवळून उठायचं नसतं, अपशकुन मानतात. काकांचा जरीचा कुर्ता पाठीला चिकटला. काकूंची पावडर ओघळली. भावेशच्या गालावरची हळद लावता लावता सुकली आणि तिला चिरा पडल्या. म्हाताऱ्या पदराने वारा घेत होत्या आणि मशिनींकडे, मग काकांकडे बघत होत्या. धवल्यात घरच्यांची नावं गुंफतात, तशी आत्याने गुंफली, आणि शेवटी स्वतःची एक ओळ जोडून म्हटली, "बापाचे जागेवं भाव बसला गारव्यान, भयनीला बसवली आगीचे दारान." एकही बाई हसली नाही. सगळ्यांनी ती ओळ तिच्यामागून उचलून धरली आणि परत म्हटली.

गाणं संपलं की धवलारणीला मान द्यायचा असतो. तिने मागितलेलं मांडवात नाकारत नाहीत. काकांनी पैठणी पुढे केली. आत्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"साडी नको," ती म्हणाली. "गच्ची दे."

काकांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पा आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "दे, दादा." काका तरी थांबले. बायका बसून होत्या, कुणी उठायला तयार नव्हतं, आणि गरम हवा तशीच अंगावर येत होती. मग काका म्हणाले, "दिली."

दिली ती बहिणीसाठी नाही, पोराच्या हळदीत अपशकुन नको म्हणून दिली. हे मला कळलं, तिथल्या सगळ्यांना कळलं, आत्यालाही कळलंच असणार. लग्नाचा मांडव उतरल्यावर क्रेन आली आणि मशिनी गच्चीवर चढल्या. आत्या आजही त्याच गाळ्यात बसते. पण त्या संध्याकाळी "दिली" म्हटल्यावर ती पायरीवरून उठली, काकांसमोर गेली, आणि नव्या साडीच्या पदराने तिने त्यांचं घामेजलेलं कपाळ आणि मान पुसली, शाळेतून आलेल्या पोराची पुसावी तशी. काका खाली मान घालून पुसू देत राहिले. मी तिच्या जागी असते तर पुसलं नसतं. त्या पदराचा मला अजून राग येतो.