हात मऊ करायला आठ दिवस

रामवाडीच्या मालूबाई चोवीस वर्षं गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासत होत्या. पॉलिश पेपर घेऊन सोंड, पोट, पाठ गुळगुळीत करायची, की मग त्यावर पांढरं अस्तर चढतं. देव गुळगुळीत झाले आणि मालूबाईंचे हात खरखरीत. थंडीचा वारा सुटला की तळवे उलायचे, बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. दुसरं कोणी असतं तर तेल चोपडलं असतं. पण तेलकट बोट मूर्तीला लागलं की त्या जागी रंग धरत नाही, म्हणून मालूबाई सबंध हिवाळा हात कोरडे ठेवायच्या. इतकी वर्षं त्याचं त्यांना काही वाटलंही नाही.

यंदा पिंकी बाळंतपणाला आली. लेक रोह्याला दिलेली, पहिलं बाळंतपण माहेरी. कार्तिकात मुलगी झाली, मृणाली नाव ठेवलं. मालूबाईंनी मोठ्या हौसेने पाय लांब केले, नातीला पायांवर पालथं घातलं आणि पाठीवरून तेलाचा हात फिरवला. पोरीने घर डोक्यावर घेतलं. बघतात तर कोवळ्या पाठीवर लाल ओरखडा.

मग शेजारच्या धोंडुबाईंना बोलावणं गेलं. त्या आळीतल्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायच्या. दुसऱ्यांची पोरं चोळून त्यांचे हात या वयातही लोण्यासारखे होते.

"मालू गो, हे हात नायत, रंधा हाय," त्या हसून म्हणाल्या.

मालूबाईही हसल्या, पण ते त्यांना लागलं. रोज सकाळी पाणी तापवायचं त्यांनी, पंचा धरायचा त्यांनी, आणि नातीला चोळायचं धोंडुबाईंनी. माघ लागला की रोह्याची माणसं न्यायला येणार होती. त्याआधी एकदा तरी आपल्या हाताने नातीला न्हाऊ घालायचं, एवढंच त्यांच्या मनाने घेतलं होतं.

एके दिवशी त्यांनी गुपचूप तळव्यांना खोबरेल लावलं, पुसलं, आणि कारखान्यात गेल्या. दुपारी माघी गणपतीच्या मोठ्या मूर्तीवर अस्तर चढलं, तर पोटावर चार बोटं जशीच्या तशी उमटली. मालक विशाल ओरडला नाही, नुसता मूर्तीकडे बघत राहिला. मालूबाईंना ओरडणं परवडलं असतं. सबंध पोट खरवडून पुन्हा घासावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आठ दिवसांची रजा मागितली.

"घरात कोण आजारी हाय काय, मावशी?"

"कोण नाय. हात मऊ करायचे हायत."

कारखाना हसला. विशालला वाटलं, मावशी गंमत करतायत. माघी तोंडावर आलेली, ऑर्डरी पडून, आणि हिला हात मऊ करायचेत.

"रजा घ्या, पण जागा धरून ठेवणार नाय," तो म्हणाला.

तरी मालूबाई पदर खोचून घरी आल्या. त्यांच्या धाडसाचं कौतुक करायला हवं होतं, पण घरच्यांनी त्यांना वेड्यातच काढलं.

धोंडुबाईंनी मात्र त्यांचे हात ताब्यात घेतले. कढत पाण्याने बरं वाटतं पण कातडी आणखी सुकते, म्हणून पाणी कोमट. साबण बंद, डाळीचं पीठ आणि साय. हात पुरते कोरडे व्हायच्या आत तेल, आणि वरून जावयाचे जुने सुती मोजे. ही शेवटची युक्ती पिंकीने मोबाईलवर पाहिली होती. हातांत मोजे घालून मालूबाई ओटीवर बसल्या की येणारेजाणारे थांबून चौकशी करायचे. भांडी नवऱ्याकडे, विठूकडे आली. तिसऱ्याच दिवशी त्याने स्वतःचे हात उलल्याची तक्रार केली. कोणी दाद दिली नाही.

पाचव्या दिवशी भेगा मिटल्या. सहाव्या दिवशी विशालचा फोन आला. नव्या बाईने उंदराचा कान घासून घासून नाहीसा केला होता. "सोमवारी या, मावशी," तो नरमाईने म्हणाला. आठव्या दिवशी मालूबाईंनी लग्नातल्या रेशमी साडीवर तळवा फिरवला. दरवेळी धागे ओढले जायचे, आज एकही अडकला नाही.

रविवारी सकाळी त्या पाटावर बसल्या. नात पायांवर. पाठीवर हात पडताच पोरीने तोंड वाकडं केलं, आणि मालूबाईंनी हात जागीच थांबवला. पण पोरीने आळस दिला, डोळे मिटले आणि निवांत पडून राहिली. मालूबाईंना रडू आवरेना.

"पानी गार व्हतंय गो, रड मागून," धोंडुबाई म्हणाल्या.

मृणालीला गुंडाळून धुरी दिली, निजवली. रोजच्यासारखी पिंकी पाठ चोळून घ्यायला आली, पण धोंडुबाईंसमोर न बसता आईकडे पाठ करून बसली.

"आज तू चोळ, आई. मी तान्ही व्हते तवा तू कारखान्यात असायचीस. तुझा हात कसा लागतो ते मला ठाऊकच नाय."

धोंडुबाईंनी तेलाची वाटी पुढे सरकवली आणि उठून गेल्या. उद्या सोमवार होता, हे हात पुन्हा कोरडे होणार होते. मालूबाईंनी लेकीच्या पाठीवर तेल घातलं आणि जराही घाई केली नाही.