तुंबलेलं सिंक आणि मामांचं जेवण

काम संपलं की मामा उरलेला एखादा स्क्रू, नाहीतर रबराचा वायसर तळहातावर घेऊन थोडा वेळ बघत राहायचे. मग तो सदऱ्याच्या खिशात टाकून म्हणायचे, "जास्तीचं हाय ते."

असं जास्तीचं दर दुरुस्तीत निघायचं. जोडणारी नळी तीच, पाना तोच, पण खोलताना जेवढं निघालं तेवढं परत बसलं असं कधी झालं नाही. नळी थोडी गळायची. मी खाली डबा ठेवायचे आणि मामा मला धीर द्यायचे, "पा त्राका, बेटी, काळजी नको. गळतंय म्हंजे पानी चालू हाय."

तुम्हीही असा एखादा कारागीर पाहिला असेल. तो येऊन गेला की बिघाड जागच्या जागी, पण घर मात्र आनंदात. आमच्या बेटावरच्या वाक्वा गावात, आमच्या गल्लीत तो मान मामांचा होता. ते कुणाचे सख्खे मामा, हे मला लग्न होऊन आल्यावर बरेच दिवस कळलं नाही. कुणाचेच नव्हते. बायको जाऊन खूप वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. साखर कारखान्यात यंत्रांना ग्रीस लावण्यात त्यांची उमर गेली होती. ग्रीस लावणं म्हणजे यंत्र दुरुस्त करणं नव्हे, हा फरक मामा मानत नसत. पत्र्याची हत्यारपेटी घेऊन गल्लीभर हिंडत, आणि कुणी हाक मारली की तरातरा येत.

मी नवी असताना एकदा दुपारी ते दारावरून चालले होते. मी डाळ-भात आणि ब्रेदची पातळ पालेभाजी नुकतीच उतरवली होती. म्हटलं, "मामा, या, दोन घास खाऊन जा."

ते थांबले. "काय बिघडलंय?"

"काही नाही. जेवायलाच बोलावतेय."

"मंग नको," असं म्हणून ते सरळ चालू लागले.

मला वाईट वाटलं. माझ्या हातचं चालत नाही की काय, असंही मनात येऊन गेलं. शेजारच्या काकींनी मला जवळ बसवून सांगितलं की ते कुणाकडेच असे जेवत नाहीत. आधी काम, मग पान. घरी पाव आणि चहावर राहतील, पण फुकटचा घास घेणार नाहीत.

पुढे एकदा मी त्यांनाच विचारलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते शांतपणे म्हणाले, "माजा बाप कांप दे मास्कच्या मळ्यात ऊस तोडायचा. तापानं पडला की त्याचा भात बंद व्हायचा. काम तर भात. आई आमाला अर्धं अर्धं वाढायची आनि बाप भिंतीकडं तोंड करून झोपायचा. मी तवाच ठरवलं, बसून खायचं नाय कदी."

मळ्यातल्या गोऱ्या मालकांचा तो नियम कधीच मोडला होता. मामांच्या पोटात मात्र तो तसाच राहिला होता.

म्हणून गल्लीतल्या बायकांनी एक रीत पाडली होती. तिचं कुणी नाव घेत नसे. एकीच्या खिडकीची बिजागरी ढिली व्हायची, दुसरीचा स्टोव्ह भडकायचा, काकींच्या कोंबड्यांच्या खुराड्याची कडी तर किती वेळा निघाली याला गणतीच नाही. मामा यायचे, ठोकाठोक करायचे, हातपाय धुऊन पाटावर बसायचे आणि पोटभर जेवायचे. पण एका मोठ्या वादळात जुनी घरं पडली, नवी सिमेंटची झाली, दारंखिडक्या नव्या बसल्या, आणि बिघडवायला काही उरेना. मामांचे गाल बसायला लागले.

अशा वेळी आमच्या घरात ते यंत्र आलं.

आमच्या बेटाच्या स्वातंत्र्याआधीची ती वर्षं. गोरे साहेब एकेक करून विलायतेला परतत होते आणि त्यांच्या घरातल्या सामानाचे लिलाव होत होते. आमचे हे सरकारी कचेरीत कारकून. लिलावाला नुसते बघायला म्हणून गेले आणि येताना मोटारीच्या टपावर एक जड लोखंडी गाडगं घेऊन आले. सिंकच्या खाली बसवायचं, बटण दाबायचं, की खरकटं आणि सालं दळून नळीतून वाहून जातात, असं यांनी मला उत्साहानं समजावलं. "आता कचऱ्याची बादली नको!" कचऱ्याच्या बादलीचा मला कधीच त्रास नव्हता. पण पदरी पडलं पवित्र झालं.

साहेबाच्या घरी पावाच्या कडा आणि बटाट्याची सालं दळून ते यंत्र सुखात वाढलेलं. आमच्याकडे भात. भात दळला की त्याची खळ होते, आणि अंगणातल्या खड्ड्याकडे जाणारी आमची नळी बारीक, तिला उतारही बेताचा. आठवडा संपायच्या आत सिंकमध्ये पाणी चढलं. उतरायचं नावच घेईना. वर शुशू नावाच्या इथल्या फळभाजीच्या साली तरंगत होत्या.

हे डोक्याला हात लावून बसले. मी मात्र पदर खोचून मागच्या दारातून बाहेर पडले आणि मामांना हाक मारली. देव पावला म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मामांनी यंत्राला एक प्रदक्षिणा घातली. "ह्याच्या आत दात हायत?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी आधी वीज बंद केली, मग माझा मुसळीचा दांडा मागून घेतला आणि वरून आत घालून ते यंत्र उलटं फिरवलं. अडकलेला फणसाचा तुकडा निघाला. मग सिंकखाली आडवे झाले. वाकड्या नळीखाली बादली ठेवली, पाना लावला आणि जोर केला. खळ धपकन खाली आली, अर्धी बादलीत आणि अर्धी मामांच्या छातीवर. ते तसेच पडून हसायला लागले. "आयो, बेटी, तुज्या घरचा भात लई चिकट!" मग नळीत तार घालून घुसळली, मी उकळतं पाणी ओतलं, आणि सिंकमधलं पाणी गुडगुड करत खाली गेलं. खळ मी कोंबड्यांसाठी काकींकडे दिली. एक वायसर जास्तीचा निघाला.

त्या दिवशी मामा दोनदा भात मागून जेवले.

तेव्हापासून मला काही बिघडवावं लागलं नाही. यंत्र आणि नळी मिळून प्रामाणिकपणे तुंबत होती, जवळजवळ दर आठवड्याला. इतर बायका माझा हेवा करायच्या. काकी म्हणायच्या, "तुजं बरं हाय, तुला खोटं बोलावं लागत नाय."

ह्यांना मात्र हे काही ठाऊक नव्हतं. कचेरीतून यावं तर स्वयंपाकघरात बादल्या, ओली फरशी आणि मामांचे पाय सिंकखालून बाहेर आलेले. शेवटी ह्यांनी हात टेकले आणि मला न विचारता शहरातून एक परवानाधारक नळवाला आणला. त्यानं जुनी नळी उपटून रुंद नळी टाकली, तिला चांगला उतार दिला, आणि एकही वायसर उरवला नाही. पाणी असं धावायला लागलं की बघत राहावं. हे खूश. मी चुलीपाशी पाठ फिरवून उभी राहिले.

मग मी त्या नळीला भात घातला, केळफुलाची सालं घातली, चहाचा चोथा घातला. तिनं सगळं गिळलं. मामा पेटी घेऊन दारावरून जायचे, जरा रेंगाळायचे, माझ्याकडे बघायचे. मी काय सांगणार? चांगल्या चाललेल्या सिंकला बिघडलंय कसं म्हणणार? त्यांचा सदरा खांद्यावरून लोंबायला लागला होता.

गणेश चतुर्थी आली. आमच्याकडे त्या दिवशी कुणी उपाशी राहता कामा नये, आणि मामांनी मोदक न खाता चतुर्थी जावी हे तर कुणालाच बघवणारं नव्हतं. मी सकाळीच नारळाचा काथ्या घेतला, त्याचा बोळा केला आणि सिंकच्या भोकातून बोटानं खोल दाबला. यंत्र घरघरलं आणि गप्प झालं. मग निरोप धाडला.

मामांना यायला उशीर झाला. आल्यावर त्यांनी मुकाट्यानं काम केलं. जास्तीचं काही निघालं नाही. पानावर बसताना त्यांनी खिशातून काथ्याचे दोन ओले बोळे काढले, माझा तिसरा त्यांच्या शेजारी मांडला आणि म्हणाले, "एक काकीच्या घरचा. एक कोपऱ्यावरच्या घरचा. हा तुजा. तिगींच्या घरचं पानी एकाच सकाळी अडलं. मिलमधे पन असं बघितलं नाय मी."

नारळ त्या दिवशी सगळ्याच घरी फुटले होते. आणि मामांना आपल्याच घरी जेवू घालायचं, हे तिघींनीही एकमेकींना न विचारता ठरवलं होतं.

दोन घरचं जेवून आलेले मामा तिसऱ्या पानावरचंही सगळं जेवले. काम केलं होतं, म्हणजे जेवणं भाग होतं. घास उतरत नव्हता हे दिसत होतं. उठताना म्हणाले, "तुमी माज्या पोटासाठी घरं बिघडवता. मंग मी काय केलं इतकी वर्षं? काम केलं की भीक खाल्ली?"



"आता बोलवू नकोस," ते म्हणाले आणि गेले.

त्यानंतर ते पेटी घेऊन दिसलेच नाहीत. आम्ही तिघी एकमेकींवर चिडलो, मग रडलो, आणि शेवटी मी ह्यांना सगळं सांगून टाकलं. हे मितभाषी माणूस. ऐकून घेतलं, पेपर वाचला, झोपले.

रविवारी सकाळी मी देवळातून आले तर आमचे हे बनियनवर, सिंकखाली आडवे. नळवाल्यानं टाकलेली रुंद नळी अंगणात पडली होती आणि जुनी बारीक नळी परत जागेवर जात होती. कपाळाला काळं लागलं होतं. ह्यांना खिळाही सरळ ठोकता येत नाही, पण नळी बसवली. मग मला म्हणाले, "नेहमीसारखा स्वयंपाक कर. काही मुद्दाम घालायचं नाही."

चार-पाच दिवसांत पाणी अडलं. हे स्वतः गल्लीच्या टोकाला गेले. परत आले ते मामांना घेऊनच. मामा सिंकपाशी उभे राहिले, बाही वर करून हात पार खालपर्यंत घातला, चाचपला. बोटांना नुसती भाताची खळ लागली. त्यांनी खाली वाकून नळी बघितली. मग ह्यांच्याकडे बघितलं.

"खरंच तुंबलंय," ते म्हणाले.

"खरंच तुंबलंय, मामा," हे म्हणाले.

नळी कुणी बदलली हे त्यांना समजलं नसेल असं मला वाटत नाही. एवढे काही ते भोळे नव्हते. पण पाणी अडलं होतं हे खरं होतं, आणि तेवढं त्यांना पुरलं. त्यांनी पेटी उघडली.

पुढे बरीच वर्षं आमचं सिंक असंच चाललं. येणारे-जाणारे हसायचे. सरकारी नोकरी, घरात वीज, रेडिओ, आणि सिंकमध्ये कायम पाणी! माझी नणंद तर त्रियोलेहून आली की नाक मुरडायची. मी हसून घ्यायचे.

मग एका हिवाळ्यात वाक्वाची गार पावसाची झड मामांच्या छातीत बसली. डॉक्टर येऊन गेले. मी रोज दुपारी झाकलेलं ताट घेऊन जायचे आणि रोज तसंच परत आणायचे. "बरा झालो की काम करतो, मंग जेवतो," ते सांगायचे. औषध घ्यायचे, चहा घ्यायचे, ताटाला हात लावायचे नाहीत. मी भांडले, रुसले, हेही येऊन बसले. काही उपयोग झाला नाही.

एका दुपारी मी गेले तर ते भिंतीला टेकून बसले होते. मी सवयीनं ताट खाली ठेवलं आणि रोजचं उत्तर ऐकायला उभी राहिले. त्यांनी हात पुढे केला.

"आन," म्हणाले.

मी ताट मांडीवर ठेवलं. त्यांनी डाळ-भात कालवला आणि खाऊ लागले. सावकाश, खाली बघत. मला काही काम विचारलं नाही, 'बरा झालो की' असंही म्हणाले नाहीत. मध्येच मान वर करून म्हणाले, "मीठ बरोबर हाय."

इतकी वर्षं मला हेच बघायचं होतं. ते झालं तेव्हा मला तिथं उभं राहवेना.

मी बाहेर आले. काकी आपलं झाकलेलं ताट घेऊन पायरीशी पोचत होत्या.

"जेवतात?" त्यांनी विचारलं.

"जेवतात."

"काम न करता?"

मी मान हलवली. काकींनी हातातलं ताट पायरीवर ठेवलं, तिथंच बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मीही त्यांच्याशेजारी बसले. आत मामा जेवत होते.