मामांनी रिकाम्या हाताने बघितलं

ज्योतिषी पनवेलमध्ये पैशाला पासरी मिळतील, पण तुमच्या मुलाच्या हॉस्टेलच्या खोलीत पाणी कुठून गळणार आहे हे बारावीच्या निकालाआधी सांगणारा माणूस साऱ्या कोकणात एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. या गोष्टीचा मला अभिमान वाटतो, तशी थोडी भीतीही वाटते. मामा जन्मभर एका कॉलेजात ॲडमिशनच्या खिडकीत बसले. निवृत्त झाल्यावर माणसं पेन्शन घेतात आणि फिरायला जातात. मामांनी पेन्शन घेतली आणि ती खिडकी, म्हणजे तिच्यातून आत डोकावणाऱ्या सगळ्या पालकांसकट, जुन्या पनवेलच्या बाजारातल्या आपल्या दोन खोल्यांत आणली. जून लागला की त्यांच्या जिन्यावर चपलांचा खच पडतो. नवीन पनवेलच्या सेक्टरांतून, विचुंब्याच्या नव्या इमारतींतून, कुठून कुठून माणसं येतात. डोमिसाइल कुठे काढायचं, नॉन क्रीमीलेयरला कोणता दाखला लागतो, मेसचे पैसे एकदम भरायचे की हप्त्यात, शिष्यवृत्तीचा फॉर्म कोणत्या तारखेला उघडतो, हे सगळं मामा न बघता सांगतात. घेत काही नाहीत. चहासुद्धा स्वतःचा पाजतात, आणि तो इतका वाईट असतो की कोणी दुसऱ्यांदा उगाच येत नाही.

इथपर्यंत ठीक आहे. अशी परोपकारी माणसं प्रत्येक गावात एखाददुसरी असतात. पण मामा मुलाची मार्कलिस्ट बघत नाहीत. पुढे केली तर उलटी करून तिच्यावर चहाचा कप ठेवतात. मग समोर बसलेल्या कुटुंबाकडे एकटक बघत राहतात. पंखा फिरत असतो, खाली भाजीवाला ओरडत असतो, आणि मामा पापणी लवू देत नाहीत. लहान भावंडं असली तर ती रडायला लागतात. एकदा एक आजी उठून सरळ घरी निघून गेल्या होत्या. बघून झालं की मामा पलंगाखालची ट्रंक ओढतात, तिच्यातून एक वस्तू काढतात आणि मुलाच्या हातात देतात. बस्स. यादी लागायला तेव्हा महिना असतो, कधीकधी फॉर्मसुद्धा भरलेला नसतो. पण ती वस्तू चुकत नाही.

आमच्या शेजारच्या कुलकर्णीवहिनींच्या मुलीला त्यांनी दाराची कडी दिली होती. साधी, लोखंडी, चार स्क्रूंसकट. वहिनी इतक्या हसल्या की त्यांनी ती कडी सगळ्या बिल्डिंगला दाखवली आणि मग स्वयंपाकघरातल्या खणात टाकली. मुलीला दूर तळकोकणात एक कॉलेज मिळालं. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, "आई, इथे बाथरूमला कडीच नाहीये." वहिनी त्या दिवशी खण उघडा ठेवून कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या. मग कडी कुरिअरने गेली, वरातीमागून घोडं. विचुंब्याचे एक शेतकरी मुलाला घेऊन आले होते. "मामा, आमाला यातलं काय कळत नाय. तुमी सांगाल तिकडं पोराला घालू," असं म्हणून ते हात जोडून बसले. मामांनी मच्छरदाणी काढून दिली. "आमच्याकडं हाय की मच्छरदानी," ते म्हणाले. "आहे ती दुहेरी पलंगाची आहे. ही एकेरी आहे," मामा म्हणाले. यांच्या घरी कोणती मच्छरदाणी आहे हे मामांना कसं कळलं, हे त्या माणसाने जिना उतरताना तीन जणांना विचारलं. मुलाला तळ्याकाठचं हॉस्टेल मिळालं, पलंग अर्थातच एकेरी.

यावरून गावात दोन पक्ष आहेत. एका पक्षाचं म्हणणं, मामांना कर्णपिशाच्च वश आहे, ते त्यांच्या डाव्या कानात बोलतं, म्हणूनच मामा त्या कानात कापूस घालतात. दुसरा पक्ष म्हणतो, छे हो, नोकरीत असताना महाराष्ट्रभरच्या कॉलेजांतल्या शिपायांशी आणि वॉचमनशी त्यांची ओळख झाली, त्यांच्याकडून सगळं कळतं. मीही दुसऱ्याच पक्षाचा आहे, निदान दिवसाउजेडी.

गेल्या वर्षी आमच्या सईची बारावी झाली. सईला कापडाचं इंजिनिअरिंग शिकायचं होतं. कापडाचं काय इंजिनिअरिंग, असं मी विचारलं तेव्हा तिने माझ्या शर्टाची बाही पकडून सूत, वीण आणि रंग यांवर वीस मिनिटं ऐकवलं. तिला हवं असलेलं कॉलेज घरापासून बारा तासांवर होतं. आणि घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर एक छान कॉम्प्युटरचं कॉलेज होतं. मार्क दोन्हीकडे पुरत होते. मी वरवर म्हणत होतो, "तुला हवं ते कर, बेटा." आत मात्र रोज वीस मिनिटांचाच हिशेब चालू होता. एकुलती एक मुलगी. ती संध्याकाळी घरात नसेल हा विचार मनात आला की मी उठून उगाच फ्रिज उघडायचो.

नात्यातली म्हणून मामा स्वतः आमच्याकडे आले, कापडी पिशवी घेऊन. सोफ्यावर बसले. सईकडे जेमतेम बघितलं. बायकोकडे बघितलं. मग माझ्याकडे बघत राहिले. मी पोहे पुढे केले, हसलो, हवापाण्याचं बोललो. मामा बघतच होते. शेवटी त्यांनी पिशवीत हात घातला, थांबले, रिकामाच हात बाहेर काढला आणि पिशवीची गाठ मारून उठले. "येतो," म्हणाले. पोह्यांना हातही लावला नव्हता.

बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. मामांनी काही दिलं नाही! असं एकदाच झालं होतं म्हणे, एका मुलाच्या बाबतीत, आणि त्या मुलाचं पुढे काय झालं हे जो तो वेगवेगळं सांगत होता. कोणी म्हणे आजारी पडला, कोणी म्हणे घर सोडून गेला. बायकोने सईवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि मग, असू दे म्हणून, माझ्यावरूनही. सई दोन दिवस जेवली नाही. मी तिला समजावत होतो, अंधश्रद्धा बरी नाही वगैरे. आणि खरं सांगायचं तर मनातून मला हलकं वाटत होतं. कुठे जायचंच नसेल तर सामान कशाला देतील मामा?

फॉर्म भरायचा होता. त्या फॉर्मची एक गोम आहे. कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायची असतात आणि पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. सईने आपलं बारा तासांवरचं कॉलेज वर घातलं होतं. मी तिला म्हटलं, "मामांशी बोललो मी. ते म्हणाले, घराजवळचं पहिलं टाक, सेफ राहील. लांबचं दुसऱ्या फेरीत बघू." मामांशी मी बोललो नव्हतो. सईने माझ्याकडे पाहिलं, "मामाआजोबा असं म्हणाले?" आणि मान डोलावली. मी तिच्या समोर दोन कॉलेजांची अदलाबदल केली. पोटच्या पोरीशी मी इतक्या सफाईने खोटं बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मुदत संपत होती. फॉर्म कायमचा बंद करायचं तेवढं बटण दाबायचं राहिलं होतं. बायको बँकेत, सई मैत्रिणीकडे. तीनच्या सुमाराला मी बटणावर बोट ठेवलं आणि बेल वाजली. दारात मामा. ऐन सीझनमध्ये मामा बाजाराबाहेर पाऊल टाकत नाहीत. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट त्या दिवशी बंद होती, आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो, आणि ऐंशीला टेकलेल्या माणसाला धाप म्हणून लागली नव्हती. ते आत आले, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "माझ्या नावावर काय सांगितलंस रे पोरीला?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तेव्हा हॅलोजन पेटले होते. सईने फोन केला असेल का? पण तिच्याकडे मामांचा नंबरच नव्हता, कारण मामांकडे फोनच नाही. मामा शांतपणे म्हणाले, "लोकांना वाटतं मी मुलांकडे बघतो. मुलांकडे काय बघायचं? ती मनाने निघालेलीच असतात. मी बघतो आईबापाच्या तोंडाकडे. मूल कुठे जाणार ते तिथे लिहिलेलं असतं."

"आणि परवा?"

"परवा तू फार गोड हसत होतास." मामांनी कानातला कापूस नीट केला. "त्या दुसऱ्या मुलाचा बापही असाच हसत होता. मुलाला काही झालं नाही, सगळे उगाच बोलतात. स्टेशनजवळ बापाच्या दुकानात बसतो. मी समोरून गेलो की आत तोंड फिरवतो."

मी क्रम पुन्हा बदलला. दोनदा चुकला. मामा शेजारी बसून होते, स्क्रीनकडे न बघता, माझ्याकडे बघत. बटण दाबल्यावर म्हणाले, "आता पोहे चालतील." संध्याकाळी मी सईला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मला कालच कळलं होतं. मामाआजोबा कधी 'सेफ' म्हणत नाहीत." ती का बोलली नाही, हे मी विचारलं नाही. तिला बहुतेक बघायचं होतं, मी काय करतो ते.

पहिल्याच फेरीत तिला हवं ते कॉलेज मिळालं. आम्ही तिला सोडून आलो. परत येताना बायको रडली, मी गाडी चालवत असल्यामुळे मला रडता आलं नाही.

मामांची सगळ्यात विचित्र सवय मला त्यानंतर कळली. सीझन संपला, जिना ओस पडला, की मामा ज्या घरांतून मुलं गेली त्या घरांत एकेकदा जाऊन बसतात. काम काही नसतं. आमच्याकडे आले ते एका रविवारी दुपारी. सईच्या खोलीचं दार उघडं होतं, त्याच्याकडे बघत अर्धा तास बसले. निघताना म्हणाले, "पहिले काही महिने घर आवाज करतं. घाबरायचं नाही."

आणि घर खरोखरच आवाज करायला लागलं. संध्याकाळी साडेसहाला बाथरूममध्ये पाण्याचा मग आपटल्याचा आवाज यायचा, जसा ती आपटायची. तिच्या खोलीतली खुर्ची ओढली जायची. एकदा मी आणि बायको जेवत असताना आतून स्पष्ट हाक आली, "आई, टॉवेल!" बायको टॉवेल घेऊन उठली, दारापर्यंत गेली आणि तशीच परत येऊन बसली. आम्ही जेवण संपवलं. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. पण हळूहळू मी साडेसहाला त्या आवाजाची वाट बघायला लागलो. ऑफिसातून त्यासाठी लवकर निघायला लागलो. इकडे सई फोनवर रोज रडायची, मेसचं जेवण आवडत नाही, कोणी बोलत नाही, मी परत येऊ का. मी म्हणायचो, अजून थोडे दिवस बघ.

दिवाळीच्या थोडं आधी एका संध्याकाळी मगचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सईचं फोनवरचं रडणंही त्याच सुमाराला थांबलं. आठवडाभर मी हॉलमध्ये टीव्ही बंद करून बसलो होतो. शेवटी बाजारात जाऊन मामांचा जिना चढलो. ते चहा करत होते. मी म्हटलं, "मामा, आवाज थांबले."

मामांनी मागे वळून बघितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांचं ते बघणं मऊ वाटलं.

"थांबले? मग पोचली म्हणायची ती," मामा म्हणाले.

त्यांनी माझ्यासमोर कप ठेवला. आवाज पुन्हा येतील का, हे विचारायला मी तिथवर गेलो होतो. विचारलं नाही. मी तो वाईट चहा सगळा प्यायलो आणि आणखी अर्धा कप मागितला.