परतीचं गाठोडं

दहिवलीची ठकूबाई दर वैशाखात तीन गाठोडी बांधायची.

तिचा नवरा शिरपत भाताच्या गिरणीत हमाल होता. उन्हाळ्यात गिरणी थंडावली की तो आणि त्याचा दोस्त सोमा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, खांद्यावर टाकून मासे धरायला निघायचे. उल्हास नदीच्या काठाने खाली, मग तिला मिळणाऱ्या लहान नदीच्या काठाने वर, पार कळंबच्या अंगापर्यंत. एक डोह झाला की पुढचा डोह. आठवडाभर घरी तोंड दाखवायचे नाहीत. मिळालेले मासे तिथेच काठावर धुरी देऊन सुकवायचे. त्या सुक्या माशांवर दोन्ही घरांचा पावसाळा निघायचा.

इतके दिवस बाहेर राहायचं म्हणजे शिदोरी नीट हवी. पहिल्या गाठोड्यात तांदळाच्या मऊ भाकरी असायच्या. त्या उन्हात टिकत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी संपवायच्या. दुसऱ्यात नाचणीच्या भाकरी, थोडे तांदूळ, मीठ, मिरची, चिंच आणि लसणाची कोरडी चटणी. तिसरं गाठोडं लहान. त्यात गूळ घालून थापलेल्या तांदळाच्या जाड भाकरी, चुलीच्या निखाऱ्याशी उभ्या करून कडक केलेल्या. हे परतीचं गाठोडं. माघारी फिरल्याशिवाय त्याची गाठ सोडायची नाही. माणूस नदीच्या नादाने पुढे जातो आणि परतताना पोट रिकामं असतं, हे तिच्या आईने तिला शिकवलं होतं.

शिदोरीत सगळं चाले, मासा चालत नसे. ओला नाही, सुकाही नाही. हा सोमाच्या घरचा नियम. सोमा कोळ्याचा. नदीला घरचा मासा दाखवला की ती म्हणते, यांच्याकडं हाय की, मी कशाला देऊ. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर शिरपतने घरातले नवस आणि उतारे बंद केले होते. हा नियम मात्र त्याने मोडला नाही. सोमाला बरं वाटतं म्हणून पाळतो, असं म्हणायचा. पण पाळायचा कडक. सोमाही शिरपतच्या घरची भाकरी त्याच्यासोबत एकाच फडक्यावरून खायचा. त्याच्या आईला ते कळलं तेव्हा घरात दोन दिवस बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी सोमा म्हणाला, भाकर चांगली असते. तेवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

ठकूबाईने यातला एकही डोह पाहिला नव्हता. नावं मात्र तिला तोंडपाठ होती. घोड्याचा डोह, करंजाचा डोह, शेवटचा उंबराचा. भाकरी थापताना ती मनातल्या मनात त्या काठाने चालायची. आज इथं पोचले असतील. आता चटणी काढली असेल.

आणि दर वर्षी परतीचं गाठोडं तिच्या दोन गाठींसकट घरी यायचं.

शिरपत ते खुंटीला अडकवायचा आणि म्हणायचा, "नदीनं लई दिलं. पोटात जागाच नव्हती. तूच खा आता."

पहिल्या वर्षी तिला बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी नवल वाटलं. मग ते मनाला लागायला लागलं. पहिली दोन गाठोडी चाटूनपुसून रिकामी होतात, तिसऱ्याला हात लागत नाही. म्हणजे त्यातच काही खोट असणार. तिने गूळ वाढवून पाहिला. भाकरी पातळ करून पाहिली. एका वर्षी तीळ लावले. गाठोडं आलं तसंच. शेजारची भागूबाई अंगणातून ते बघायची. एकदा म्हणाली, "ठके, पुरुष उपाशी मरंल पन तुझी परतीची भाकर खायचा नाय. काय घालतीस गं त्यात?" ती हसण्यावारी बोलली. ठकूबाई हसलीही. पण त्या रात्री तिने ती भाकरी पाण्यात बुडवून नुसती गिळली. मुलं नव्हती, वाटून टाकावी म्हटलं तर घरात दुसरंही कोणी नव्हतं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. रेशनवर तांबडा मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळत होता. तांदूळ दिसेनासा झाला होता. ठकूबाईने डब्याच्या तळाशी होतं नव्हतं तेवढं तांदळाचं पीठ काढलं आणि तिन्ही गाठोडी नेहमीसारखी भरली. आणि त्याच वर्षी तिने ती आगळीक केली.

कर्जतच्या बाजारात सुक्या मासळीवालीकडून तिने मूठभर जवळा आणला होता. कांदा, लसूण, मिरची घालून तो तव्यावर परतला, वर आमसूल टाकलं. घर वासाने भरून गेलं. तिने तो दोन भाकरींच्या मध्ये दाबला आणि परतीच्या गाठोड्यात तळाशी ठेवला. वास आला की हात जाईलच. नियम तिला माहीत होता. पण गाठ सुटणार परतीला, म्हणजे मासेमारी आटोपल्यावर. नदीला तोवर काय कळतंय, असा तिने हिशेब केला.

ते दोघं गेले. घरी ती मिलोची आंबील ढवळत बसली.

तीन-चार दिवसांनी कळंबकडून गवताची गाडी घेऊन गोमा आला. दारात पाणी प्यायला थांबला. शिरपत आणि सोमा उंबराच्या डोहावर भेटले होते, म्हणाला. टोपल्या रिकाम्या. पाग टाकतात आणि कचरा काढतात. असं साल बघितलं नाय, सोमा कपाळाला हात लावून बसलाय.

ठकूबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. घरात मिलो, पुढे पावसाळा, दोन घरं. आणि जवळा त्या डोहाच्या काठावर झाडाला टांगलेला. आपण नदीच्या तोंडाशी नेऊन बांधला, तिला कळायचं राहील होय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कळंबच्या एसटीत बसली. भागूबाईला सांगितलं, मावशीकडं जाते. कळंबच्या अलीकडेच उतरून विचारत विचारत नदीवर आली आणि काठाने वर निघाली. ऊन चढलं होतं. पायाखाली दगड तापले होते. एका वळणावर करंजाची झाडं दिसली आणि तिने ओळखलं. हाच तो. डोह तिच्या मनातल्यापेक्षा लहान होता. ती क्षणभर उभी राहिली, मग पुढे निघाली.

उंबराखाली दोघे बसले होते. शिरपत पागाची फाटकी जागा सांधत होता. तिला बघताच त्याच्या हातातून सुई पडली.

"काय झालं गं? घरी बरं हाय ना?"

"समदं बरं हाय. गाठोडं कुठाय?"

"कंचं गाठोडं?"

"परतीचं. आना हिकडं. माझ्याकडून चूक झाली."

गाठोडं उंबराच्या फांदीला लटकत होतं. तिच्या दोन गाठी तशाच. ती काढायला गेली आणि मग उभ्या उभ्या तिने सगळं सांगून टाकलं. जवळ्याचं सांगितलं. वासाचं सांगितलं. सोमा ऐकत होता. त्याने आधी गाठोड्याकडे बघितलं, मग पाण्याकडे.

"तरीच," तो म्हणाला. एवढंच.

त्या एका शब्दाने ठकूबाईचा बांध फुटला. ती रडली नाही, पण इतक्या वर्षांचं बोलली. दर साली तिसरं गाठोडं परत येतं. मी काय काय करून बघितलं. गूळ वाढवला, तीळ लावले, शेवटी जवळा घातला. आता तरी खरं सांगा, एवढी वाईट हाय का माझी भाकर?

शिरपत खाली बघून सुई शोधत राहिला. ती त्याच्या गुडघ्यापाशीच होती.

"सांग की रं," सोमा म्हणाला. शिरपतने सुई उचलून पुन्हा पागाला लावली. तेव्हा सोमाच बोलला. "वयनी, भाकर वाईट का चांगली ते मला ठावंच नाय. दुसऱ्या साली मी गाठ सोडाय गेलो, तर ह्यानं माझा हात धरला. म्हनला, ते आपलं नाय. ते तिचं हाय."

ठकूबाईला काही उमजेना.

मग शिरपत हळूहळू बोलला. लग्नानंतरच्या पहिल्या फेरीला त्याच्या पायात काटा मोडला होता आणि तो दोन दिवस आधीच, परतीचं गाठोडं न सोडता, घरी आला होता. ती पाण्याला गेली होती. त्याने भाकरीसाठी पिठाचा डबा उघडला. डबा रिकामा होता. चुलीवर पातळ आंबील होती आणि त्यात चिंचेचा पाला. घरात होतं ते सगळं तिने शिदोरीत बांधून दिलं होतं.

"तवाच बोलला का नाय?" तिने विचारलं.

"बोललो असतो तर तू ऐकली असतीस? म्हनली असतीस, मी जेवते, पोटभर जेवते. आनि पुढल्या साली डबा लपवला असतास."

ते खरं होतं.

"मग परतताना काय खाता तुमी?"

सोमाने हाताने दाखवलं. विझलेल्या चुलीपाशी आंब्याच्या कोयींचा ढीग होता. पलीकडे करवंदाची जाळी. "आनि शिव्या," सोमा म्हणाला. "शेवटच्या दिवशी मी ह्याला शिव्या घालतो, त्यानं निम्मं पोट भरतं."

ठकूबाई उंबराच्या मुळीवर बसली. खुंटीवरचं गाठोडं तिला आठवलं, आणि दर वर्षीचे ते घास. पाण्यात बुडवून, रागाने, कोणाला नको असलेलं अन्न म्हणून गिळलेले. चव घ्यायची राहून गेली होती. समोर तो माणूस बसला होता, ज्याने वर्षानुवर्षं उपाशी चालत तिच्या भाकरी तिच्यापर्यंत पोचवल्या होत्या. आणि वर ढेकर दिल्याचं सोंग केलं होतं.

तिने गाठोडं मांडीवर घेतलं. "आज सोडते," ती म्हणाली. "तिघांनी खायचं."

सोमा गडबडला. जवळा, तोही डोहाच्या काठावर. तो थोडा वेळ डोकं खाजवत राहिला. मग त्याने तोड काढली. टेकाड चढून जाळीच्या मागे जायचं. नदीकडे पाठ करून बसायचं. हात नदीत धुवायचे नाहीत, भांड्यात पाणी वर न्यायचं. आणि जेवताना माशाचं नाव काढायचं नाही.

तसे ते बसले. तिघेही नदीकडे पाठ करून, उन्हात, एका फडक्याभोवती. ठकूबाईने गाठ सोडली. भाकरीला जवळ्याचं तेल सुटलं होतं. सोमाने पहिला घास घेतला, मग लगेच दुसरा.

"शिरपत्या," शेवटी तो म्हणाला, "इतकी सालं तू मला हे खाऊ दिलं नाय. मी तुला कधी माफ करनार नाय."

शिरपत हसला. ठकूबाईने तुकडा मोडून तोंडात टाकला आणि सावकाश चावला. गूळ जरा जास्त झाला होता. पण भाकरी चांगली होती. खरंच चांगली होती.

उन्हं कलल्यावर दोघांनी पाग टाकला. फार काही लागलं नाही. थोड्या शिंगाळ्या आणि एक मरळ. दुसऱ्या दिवशी त्याहून बरं. पावसाळा कसाबसा निघेल एवढं झालं. नदी रागावली होती की नाही, हे सोमाने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मरळ मात्र तिथेच काठावर ठकूबाईने शिजवली, चिंच आणि मिरची घालून. डोहावर तिच्या हातचं पहिलं कालवण.

पुढच्या वैशाखात तिने चार गाठोडी बांधली. तीन त्यांची, जवळ्याशिवाय. चौथं तेवढंच, तिसऱ्याच्या मापाचं, खुंटीला अडकवलं. शिरपत निघताना त्या खुंटीपाशी थांबला. गाठोडं हाताने दाबून बघितलं, आत खरोखर भाकरी आहेत ना. मग पाग उचलला.

आठवड्याने तो परत आला तेव्हा ठकूबाईने आधी टोपली बघितली नाही. त्याच्या खांद्यावरचं परतीच्या गाठोड्याचं फडकं ओढून घेतलं आणि उलगडून झटकलं. धुराचा वास आला. भाकरीचे दोन-तीन कण अंगणात पडले आणि भागूबाईच्या कोंबड्या धावत आल्या.

ती तिथेच उभी राहून ते रिकामं फडकं घडी करत राहिली.