अध्यक्षांना अनुमोदन

पुढारी मिळाल्याशिवाय तिकिटं खपत नाहीत, हे मला विसाव्या वर्षी डोंबिवलीत कळलं. स्वातंत्र्य येऊन वर्ष उलटलं होतं आणि काश्मीरची लढाई चालू होती. जखमी जवानांच्या मदतीसाठी आमच्या आळीतल्या मंडळींनी गाण्याचा कार्यक्रम ठरवला. गाणारे फुकट गाणार होते, शाळेनं पटांगण दिलं होतं. पण कल्याणच्या व्यापाऱ्यांकडे गेलं की ते आधी विचारायचे, "अध्यक्ष कोण?" नाव सांगता आलं नाही की म्हणायचे, पुढच्या आठवड्यात या.

मला सगळ्या जवानांचा कळवळा होता असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला माझ्या दादासाठी पाय हवा होता. महायुद्धात, इटलीत, त्याचा डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. लष्करानं दिलेला लाकडी पाय काही दिवस बरा चालला. मग मांडी वाळली, पाय सैल झाला आणि आत घासून घासून जखम झाली. वडील अर्जावर अर्ज करत. उत्तरं येत, पाय येत नसे. मुंबईत एक कारागीर मापानं पाय करून देई, पण तो खर्च आमच्या कारकुनाच्या घराला झेपणारा नव्हता. दादा खिडकीशी बसून राही. जेवायला हाक मारली की भूक नाही म्हणे. एकदा तो आईला म्हणाला, "तिकडेच संपलो असतो तर सुटलो असतो आणि तुम्हीही सुटला असतात." त्या दिवसापासून आई त्याला घरात एकटं सोडेना. देवळात जाणंही तिनं बंद केलं.

म्हणून मी मंडळाच्या चिटणिसांबरोबर पुढाऱ्यांचे उंबरठे झिजवायला निघाले. चिटणीस वडिलांचे स्नेही, मी त्यांना काका म्हणायचे. कल्याणच्या पुढाऱ्यांनी आम्हाला ओसरीवर बसवून ठेवलं आणि मागच्या दारानं निघून गेले. मग आम्ही ठाण्याला गेलो. तिथले साहेब निदान भेटले. खादीचं धोतर, अंगावर शाल, बोलणं मऊ. त्यांनी चहा दिला आणि कोणाकोणाला मदत द्यायची ते विचारलं. आसपासच्या गावांतले तीन जवान काश्मीरहून जखमी होऊन आले होते. काकांनी त्यांची माहिती सांगितली आणि शेवटी दादाची.

"इटलीत? म्हणजे इंग्रजांच्या फौजेत?"

"तेव्हा दुसरी फौज नव्हती," मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे डोळे वटारले. साहेब मात्र चिडले नाहीत. "ताई, तुमचे बंधू तिकडे लढत होते तेव्हा आम्ही तुरुंगात होतो. माझा धाकटा भाऊ आत आजारी पडला तो बाहेर आलाच नाही. मी कुठल्या तोंडानं त्या फौजेसाठी झोळी पसरू? काश्मीरच्या मुलांसाठी असेल तर जरूर येतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण मेलेल्या भावापुढे काय बोलणार? काकांनी माझ्यादेखत "चालेल, चालेल" म्हणून टाकलं. दादाचं नाव यादीतून गेलं ते तिथेच.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काका आमच्याकडे आले. बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि मग दादाला म्हणाले, "अध्यक्षांची सूचना मी मांडतो. अनुमोदन एखाद्या जखमी जवानानं दिलं तर शोभेल. पण ती तिघं पोरं माणसं बघूनच बावरतात. तू शिकलेला आहेस. साहेब खूश झाले तर तुझ्या पायाची गोष्ट मी तिथल्या तिथे काढतो."

दादा म्हणाला, "मदतीला मी चालत नाही, अनुमोदनाला चालतो?"

"तसं नाही रे," म्हणून काका उठले. त्यांनाही लाज वाटत असावी.

मी दादाच्या मागे लागले. "एकच वाक्य आहे रे. माझं अनुमोदन आहे, एवढं म्हण आणि बस." आई रडत होती. शेवटी तो म्हणाला, "बरं. येतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पटांगण भरलं. बाकं जोडून व्यासपीठ केलं होतं, त्यावर सतरंजी. साहेब रिवाजाप्रमाणे समोर पहिल्या खुर्चीत बसले होते, कारण सूचना आणि अनुमोदन झाल्याशिवाय अध्यक्षांनी वर चढायचं नसतं. काकांनी घसा साफ करून सूचना मांडली आणि अनुमोदनासाठी दादाला पुकारलं. दादा कुबड्यांवर उभा राहिला. साहेबही सवयीनं अर्धे उठले, धोतराचा सोगा सावरत.

दादा बोलेना.

त्याला शब्द सुचत नव्हते असं मुळीच नाही. तो सरळ साहेबांकडे बघत होता. साहेब ना बसलेले ना उभे. लोक खाकरू लागले. अनुमोदन द्यायला उभं राहून कुणी दिलं नाही, असं त्या पटांगणात कुणी पाहिलं नव्हतं. काका हातातला कागद चुरगाळत माझ्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांपुढे फक्त ती जखम होती, रोज सकाळी मी गरम पाण्यानं धुवायची ती. आता सगळं हातचं गेलं, असं वाटून मी बायकांच्या बाजूनं ताडकन उठले आणि ओरडले, "माझं अनुमोदन आहे!"

टाळ्या पडल्या. साहेब हसत वर गेले. दादानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो खाली बसला.

गाणी झाली, भाषण झालं, तिघांना हार घातले गेले. त्यातला एक तर हार काढावा की ठेवावा हे न कळून तसाच घामाघूम बसला होता. साहेब निघाले तेव्हा काका बाजूलाच राहिले. मग मीच गाडीपाशी गेले आणि हात जोडून दादाचा पाय मागितला. साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आधी या मुलांचं होऊ दे, मग बघू," म्हणाले. गाडी गेली. त्यांनी पुढे काहीच बघितलं नाही. मी त्यानंतर दोनदा ठाण्याला जाऊन आले.

आजही कुणी विचारलं तर मी म्हणेन, त्या घटकेला मी पुन्हा उठेन. माझा भाऊ मरणाला टेकला होता आणि मला दुसरा रस्ता दिसत नव्हता.

आम्ही माडीवर राहायचो. जिना अरुंद, म्हणून दादा एका हातानं कठडा धरायचा आणि दुसरा माझ्या खांद्यावर टाकून चढायचा. कार्यक्रमाहून परतल्यावर त्या रात्री मी नेहमीसारखी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"सरक," तो म्हणाला.

"दादा, चिडू नकोस. मी तुझ्यासाठीच..."

"ठाऊक आहे मला. सरक."

तो जिन्याकडे पाठ करून पहिल्या पायरीवर बसला आणि दोन्ही तळहातांवर जोर देऊन वरच्या पायरीवर सरकला. मग तिच्या वरच्या. आई वर कंदील धरून उभी होती. कुबड्या मी उचलल्या, त्या मात्र त्यानं नेऊ दिल्या. पाय त्याला पुढे मिळालाच नाही, आणि त्या दिवसानंतर त्यानं माझा खांदाही कधी घेतला नाही.